कूलरला हात लावला की झिणझिण्या, मिक्सर लावला की बल्ब मंद. नेमकं कुठं बघायचं?

मांजराकाठ (रविवार, रात्री 10:40)

नमस्कार मंडळी. आम्ही अंबाजोगाईजवळ राहतो, घर सासऱ्यांनी बांधलेलं, पुढची खोली जुनी दगडाची आणि मागच्या तीन स्लॅबच्या. पंधरा दिवस झाले, कूलरला हात लावला की झिणझिण्या यायल्यात. कूलर लोखंडी आहे, इथंच पत्र्याच्या दुकानात बनवून घेतलेला, यंदा गवत बदलून चैत्रातच लावला. आधी वाटलं ओला हात लागला असेल. पण काल दुपारी माझा चार वर्षांचा पोरगा अंघोळ करून तसाच अनवाणी पळत आला, कूलरच्या जाळीला हात लावला आणि जो ओरडला, मी स्वयंपाकघरातून धावले तर पोरगं भिंतीला टेकून थरथरायलंय. हात चिकटला नाही म्हणून वाचलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

वायरमनला दोनदा बोलावलं. एकदा त्यानं पाण्याची मोटार बदलली, दुसऱ्यांदा वायरला टेप मारला आणि म्हणाला, वहिनी लोखंडी कूलर म्हणल्यावर एवढं तेवढं असतंच, खाली लाकडी पाट टाका आणि चप्पल घालून हात लावा. चार वर्षांच्या लेकराला चप्पल घाल म्हणून किती वेळा सांगायचं? अजून एक, याचा त्याच्याशी संबंध आहे का माहीत नाही, पण मिक्सर लावला की देवघरातला बल्ब मंद होतो आणि फ्रीज चालू झाला की पंखा हळू पडतो. शेजारी विचारलं तर त्यांच्याकडं सगळं व्यवस्थित आहे.

सोयाबीनलातूर (रविवार, रात्री 11:05)

ताई आमच्याकडं पण होत होतं असं. पिन उलटी करून लावली की थांबलं. करून बघा. नाहीतर सरळ प्लास्टिक बॉडीचा कूलर घ्या, पत्र्याच्या कूलरची कटकटच नको.

वायरमननाना (रविवार, रात्री 11:32)

ताई, सगळ्यात आधी कूलरची पिन बोर्डातून काढून ठेवा. नुसतं बटन बंद करू नका, पिनच काढा. उकाड्यात लेकरं तळमळतील, पण दोन दिवस काढा. मी चाळीस वर्षं वायरिंगचीच कामं केलीत, आता हात थकले म्हणून घरी आहे. दर उन्हाळ्यात आपल्या मराठवाड्यात कूलरनं माणसं गेल्याच्या बातम्या येतात, आणि बहुतेक ठिकाणी घरच्यांना आधी आठ-पंधरा दिवस झिणझिण्या येतच होत्या. झिणझिणी म्हणजे बॉडीत करंट उतरलाय. ते एवढं तेवढं नसतं.

आणि सोयाबीनलातूर, राग मानू नका पण पिन उलटी करायचा सल्ला कुणाला देऊ नका. दोन पिनवाली उलटी केल्यावर झिणझिण्या कमी होतात हे खरं, पण लीकेज आहे तिथंच राहतं, फक्त फेजच्या (करंट घेऊन येणाऱ्या वायरच्या) जवळ असलेलं ते न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरच्या) जवळ जातं. उद्या कुणी पिन काढून परत लावली की पुन्हा तेच.

ताई मला चार गोष्टी सांगा. फ्रीजच्या दांड्याला, वॉशिंग मशीनला हात लावल्यावर पण येतंय का? कूलरचं बटन बंद आणि पिन मात्र बोर्डात, तेव्हा येतंय का? पिन पूर्ण काढल्यावर? आणि एक टेस्टर घ्या, रबरी चप्पल घालून, मिक्सर चालू ठेवून बोर्डाच्या तिन्ही भोकात लावा, कुठं कुठं पेटतोय ते कळवा. कूलरला स्वतः हात लावून तपासू नका, टेस्टरच टेकवा.

परभणीजंक्शन (सोमवार, सकाळी 7:15)

हा व्होल्टेजचा लफडा असणार. आमच्या गावात संध्याकाळी सात ते दहा 170 च्या वर काटाच जात नाही, सगळ्यांच्या मोटारी चालू असतात. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड जास्त झालाय. स्टॅबिलायझर बसवा.

वायरमननाना (सोमवार, सकाळी 8:02)

भाऊ, डीपीवर लोड असता तर शेजाऱ्यांचा पण बल्ब मंद झाला असता. एकाच लाईनवर शेजारी नीट आणि आपल्याकडं मंद, म्हणजे दोष खांबापासून आपल्या बोर्डापर्यंत कुठंतरी. लाईट मंद झाली की पहिला प्रश्न शेजारी विचारायचा, ताईंनी तो आधीच विचारलाय, निम्मं काम तिथंच झालं. स्टॅबिलायझर बसवला तर सैल जोड तसाच गरम होत राहील.

मांजराकाठ (सोमवार, दुपारी 1:20)

नाना, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. कूलरची पिन काढली. फ्रीजच्या दांड्याला बारीक झिणझिणी आहे, मी आजवर लक्षच दिलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या मशीनला पण येते, त्या म्हणून कपडे काढताना पदर गुंडाळून झाकण उघडतात. दोन वर्षांपासून उघडतात म्हणे आणि कुणाला काही बोलल्या नाहीत!

कूलरची पिन बोर्डात आणि बटन बंद असताना टेस्टर टेकवला तर पेटतो. पिन काढल्यावर काहीच नाही. बोर्डात उजव्या भोकात टेस्टर लख्ख पेटला, डाव्या भोकात मिक्सर चालू असताना बारीक लाल आणि वरच्या मोठ्या भोकात पण तसाच बारीक लाल. मिक्सर बंद केला की डावं आणि वरचं दोन्ही विझलं. आमच्या ह्यांना वाटलं टेस्टरच खराब आहे म्हणून शेजारचा आणला, त्यानं पण तेच.

वायरमननाना (सोमवार, दुपारी 2:05)

ताई टेस्टर खराब नाही. तुम्ही लिहिलेल्या तीन ओळीत सगळा दोष सापडला, मला जवळजवळ खात्री आहे, सावकाश सांगतो.

उजवं भोक फेज, डावं न्यूट्रल, वरचं मोठं अर्थिंग, म्हणजे जमिनीला जोडायची वायर. न्यूट्रलला टेस्टर पेटायलाच नको. लोड टाकल्यावर पेटतोय म्हणजे न्यूट्रल मागं कुठंतरी सैल आहे, करंट परत जाताना त्या सैल जागी अडतो, आणि अडला की घरातल्या सगळ्या न्यूट्रलवर व्होल्टेज चढतं. त्यामुळं बल्ब मंद, पंखा हळू. इथपर्यंत साधं आहे.

पण वरचं अर्थिंगचं भोक त्याच्याबरोबर पेटतंय आणि त्याच्याबरोबर विझतंय, याचा अर्थ एकच निघतो. बोर्डाच्या आत कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिनमध्ये वायरचा तुकडा जोडून लूप केलाय. हे फार ठिकाणी करतात. घरात अर्थिंग नसतं, फ्रीज किंवा मशीन बसवायला आलेला माणूस म्हणतो अर्थिंग पाहिजे, मग दोन इंचाचा तुकडा टाकायचा आणि अर्थिंग झालं म्हणायचं. न्यूट्रल घट्ट असेपर्यंत काही कळत नाही. ज्या दिवशी न्यूट्रल सैल होतं त्या दिवशी त्याच्यावर चढलेलं व्होल्टेज तिसऱ्या पिनमधून सरळ फ्रीज, मशीन, कूलर सगळ्यांच्या पत्र्यावर येतं. बटन बंद असलं तरी येतं, कारण बटन फेज तोडतं, तिसरी पिन तोडत नाही. तुमचा कूलर बटन बंद असून पेटला तो यामुळं. आणि न्यूट्रल पूर्ण तुटलं तर झिणझिणी नाही, घरातलं एखादं बटन जरी चालू असलं तरी पूर्ण 230 पत्र्यावर.

आता हे काम तुम्ही करायचं नाही. चांगला वायरमन बोलवा, मेन बंद करून बोर्ड उघडायला लावा आणि आत लूप आहे का बघा. त्याच्याकडं मल्टिमीटर असलाच पाहिजे, नसेल तर दुसरा बघा. तोवर फ्रीज आणि मशीनची पण पिन काढून ठेवा, दूध शेजारी ठेवता येईल.

पत्र्याचंघर (सोमवार, रात्री 9:48)

नाना तुमचं वाचून अंगावर काटा आला. आमचं घर गेवराई तालुक्यात, पत्र्याचं. वायर पत्र्याखालून लोखंडी अँगलवरून नेलेली, नुसती खिळ्यावर अडकवलेली. वाऱ्यानं पत्रा हलून हलून वायरचं कातडं घासलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण उन्हाळ्यात सगळं कोरडं. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला आणि आमची वहिनी कपडे वाळत घालायला गेली. कपड्याची तार एका टोकाला त्याच अँगलला बांधलेली. ओली साडी तारेवर टाकली आणि वहिनी फेकली गेली. दगडावर डोकं आपटलं, पण फेकली गेली म्हणून वाचली, तार मुठीत धरली असती तर सुटली नसती. उजव्या हाताच्या दोन बोटांवर अजून काळा वळ आहे. त्या दिवशी भावानं तार काढून नायलॉनची दोरी बांधली आणि सगळी वायर पाइपातून घेतली. ज्यांची ज्यांची घरं पत्र्याची आहेत त्यांनी आज कपड्याची तार बघा. लोखंडी असेल तर काढा, दोरी बांधा, पन्नास रुपयाचं काम आहे.

वायरमननाना (सोमवार, रात्री 10:10)

हे फार महत्त्वाचं लिहिलंत भाऊ. अजून एक लक्षात ठेवा सगळ्यांनी, कुणी चिकटलेलं दिसलं तर हात लावून ओढू नका, आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरडी लाकडी काठी नाहीतर प्लास्टिकची खुर्ची वापरून बाजूला ढकला. ही घरातल्या लाईनची गोष्ट आहे. खांबावरची तार पडली असेल तर काठी घेऊन पण जवळ जायचं नाही, 1912 ला फोन करायचा.

गोदाकाठनांदेड (मंगळवार, सकाळी 9:30)

न्यूट्रलचाच विषय निघालाय तर आमच्या गल्लीतलं सांगतो, कारण आमच्याकडं उलटं झालं होतं. संध्याकाळी एकदम ट्यूब, बल्ब डोळे दिपतील असे उजळले, पंखा असा फिरायला लागला की उडून जाईल वाटलं आणि टीव्हीतून धूर. समोरच्या घरात त्याच वेळी बल्बची नुसती तार लाल. नंतर कळलं की डीपीपासून येणारी गल्लीची न्यूट्रल तुटली होती. तीन फेज तीन गटांतल्या घरांना वाटलेल्या असतात, मधली न्यूट्रल गेली की दोन फेजमधलं चारशेच्या आसपास व्होल्टेज घराघरात वाटलं जातं, ज्याच्या फेजवर लोड कमी त्याच्याकडं जास्त चढतं. आमचा टीव्ही, दोन चार्जर, फ्रीजचं कार्ड गेलं. उजेड नेहमीपेक्षा जास्त दिसला तर खुश होऊ नका, पळत जाऊन मेन बंद करा.

आजीऔंढा (मंगळवार, सकाळी 11:15)

मी वयस्कर बाई, नातवानं टाइप करून दिलंय. आमचा पंखा पाचवर ठेवला तरी तीनसारखा फिरतो, तो पण न्यूट्रलचा प्रकार का? आणि नवा एलईडी बल्ब बंद केला तरी रात्रभर काजव्यासारखा मिणमिणतो, मला भीती वाटते.

वायरमननाना (मंगळवार, दुपारी 12:00)

आजी, एकच पंखा हळू असेल आणि बाकी सगळं नीट असेल तर कंडेन्सर गेलाय. बहुतेक छताच्या पंख्याला अडीच एमएफडीचा असतो, स्वस्तातली वस्तू आहे, जुन्यावर लिहिलेला नंबर बघूनच नवा आणायचा. मेन बंद करून बदलायला सांगा, आणि जुना काढताना त्याच्या दोन्ही वायरी हातानं धरू नका, त्यात थोडा चार्ज राहतो.

बल्ब मिणमिणतो म्हणजे बहुतेक बटन फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय. बटनात बारीक लाल दिवा असेल तर त्यानं पण होतं. लाल दिव्याचं असेल तर भीती नाही, पण न्यूट्रलवर बटन असेल तर वायरमनकडून उलटून घ्या, कारण मग बटन बंद असताना पण होल्डरमध्ये फेज असते आणि बल्ब बदलताना शॉक बसतो.

मांजराकाठ (गुरुवार, संध्याकाळी 6:50)

नाना, सापडलं! आज सकाळी केजहून एक वायरमन दादा आले, मल्टिमीटर घेऊन. मेन बंद करून पाच बोर्ड उघडले, पाचही बोर्डात तुमचा तो दोन इंचाचा तुकडा. एका बोर्डात तर तुकडा हिरवा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं अर्थिंगचीच वायर आहे. हे सहा वर्षांपूर्वी मागच्या खोल्यांचं वायरिंग केलं तेव्हाचं.

मग त्यांनी मीटरजवळ मोजलं, 231. स्वयंपाकघरात फ्रीज आणि मिक्सर लावून मोजलं, 172. मला म्हणाले, ताई मधले 59 व्होल्ट कुठं गेले ते शोधायचं. आमच्या अंगणात बोअर आहे, त्याच्या लोखंडी केसिंगला मीटरची एक पिन आणि घरातल्या न्यूट्रलला दुसरी लावली तर 58. म्हणजे माझा पोरगा त्या दिवशी ओल्या फरशीवर उभा राहून एवढ्याला हात लावून आला, त्या वेळी मिक्सर बंद होता की चालू कुणास ठाऊक.

सैल जागा पुढच्या दगडी खोलीत निघाली. तिथं सासऱ्यांच्या काळातला लाकडी बोर्ड आहे आणि त्यावर चिनी मातीची दोन किटकॅट (फ्यूजची तार घालायचे ठोकळे), एक फेजचं आणि एक न्यूट्रलचं. दादांनी न्यूट्रलचं ओढून काढलं तर आतली पितळेची पट्टी कोळशासारखी काळी, मातीला तडा गेलेला आणि फ्यूजच्या तारेच्या जागी कुणीतरी वायरचे तीन-चार केस पिळून टाकलेले. वासच यायला लागला. मागच्या लाकडावर करपल्याचा डाग. सासरे बघत उभे होते, काही बोलले नाहीत, नुसते त्या डागावरून बोट फिरवत राहिले.

मीटरपासून जुनी अर्थिंगची तार पण आहे, ती बाहेर नळाच्या पाइपाला बांधलेली. पाइप लोखंडी होता तेव्हा ठीक होतं, पण चार वर्षांपूर्वी प्लास्टिकचा टाकला आणि तार तशीच त्याला गुंडाळून ठेवलेली!

वायरमननाना (गुरुवार, रात्री 8:20)

ताई, फार बरं वाटलं. त्या दादाला माझा नमस्कार सांगा, केसिंगला लावून मोजणारा माणूस कामाचा आहे.

न्यूट्रलला फ्यूज कधीच नसावा. आधीच्या काळी दोन्हीकडं टाकायचे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर अंधारात जातं, माणसाला वाटतं लाईट गेली, आणि सगळ्या वायरीत फेज जिवंत असते. तो लाकडी बोर्डच काढा. दोन पोलचा मेन स्विच, त्याच्यानंतर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (लीकेज झालं की लाईन तोडणारा स्विच), आणि मग एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), लाईटला 6 अँपिअरचा, पॉवर पॉइंटला 16 चा. वायर पॉवर पॉइंटला अडीच स्क्वेअर एमएमची, गीझर किंवा एसी असेल तर चारची. वायरवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 694 बघून घ्या.

सोयाबीनलातूर (गुरुवार, रात्री 9:05)

नाना, एमसीबी आणि अर्थिंग असल्यावर आरसीसीबी कशाला परत? दोन-अडीच हजाराला पडतो. आमच्याकडं बसवला होता तर सारखा पडायचा म्हणून वायरमननं काढून टाकला. आणि पिनचं मी चुकीचं सांगितलं होतं ताई, माफ करा, पोराची काळजी घ्या.

वायरमननाना (गुरुवार, रात्री 9:50)

भाऊ, हिशोब करून दाखवतो. समजा अर्थिंगचा अडथळा 10 ओहम आहे, आपल्याकडं उन्हाळ्यात एवढं सहज असतं. कूलरच्या पत्र्याला फेज टेकली तर 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपिअर जमिनीत जाईल. 16 चा एमसीबी 23 ला लगेच पडत नाही, त्याला कितीतरी मिनिटं लागतात, कधी तासभर, आणि तोवर पत्रा जिवंत. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट तोलतो, 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत पाडतो.

आणि तुमच्याकडं तो सारखा पडायचा म्हणजे घरात लीकेज आहे नाहीतर ताईंसारखा लूप आहे. लूप असला की परत जाणाऱ्या करंटला दुसरी वाट मिळते, तोल बिघडतो आणि तो पडतो. इन्व्हर्टरची न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळली तरी तेच. म्हणजे तो बिचारा दोष दाखवत होता आणि त्यालाच काढून टाकलं. परत बसवा आणि एकेक सर्किट बंद करून शोधा कुठल्यावर पडतो ते.

मांजराकाठ (रविवार, दुपारी 4:15)

नाना, नवा बोर्ड बसला, पाची लूप काढले, प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी वायर नवी ओढली. पण अर्थिंगच्या गड्ड्यात अडकलोय. दादा म्हणाले आठ फूट पाहिजे, तीन फुटावर मुरूम आणि पाच फुटावर काळा खडक लागला, पहार उडायलीय. दुसरीकडं खणलं तरी तेच. रानातल्या काळ्या मातीत खड्डा करावा तर रान घरापासून लांब.

वायरमननाना (रविवार, संध्याकाळी 5:00)

अंबाजोगाईच्या बाजूला खडक लागणारच, त्याच्याशी भांडू नका. खोल जाता येत नसेल तर आडवं जा. अडीच-तीन फूट खोल लांब चर खणा, पंधरा मीटर जमली तर उत्तम, त्यात जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी आडवी पुरा आणि वर बेंटोनाइट पावडर मातीत कालवून टाका, ती ओल धरून ठेवते. चर न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूनं न्या, तिथं बारा महिने ओल असते. काळ्या मातीचं पण सगळं चांगलं नसतं बरं का, वैशाखात ती हातभर भेगाळते आणि पाइपापासून सुटते, अर्थिंग असून नसल्यासारखं. म्हणून ज्यांचा गड्डा काळ्या मातीत आहे त्यांनी उन्हाळाभर आठ दिवसाला दोन घागरी पाणी ओतायचं. झाल्यावर अर्थ टेस्टरनं ओहम मोजून घ्या, नुसता बल्ब लावून बघितला तर बल्ब 40 ओहमवर पण लख्ख पेटतो आणि फसवतो.

मांजराकाठ (बुधवार, रात्री 9:10)

चर न्हाणीच्या बाजूनं खणला, ह्यांनी आणि दिरांनी मिळून दोन दिवसात. मोजलं तर साडेचार ओहम आलं. फ्रीज आणि मशीन दोन्हीला टेस्टर लावला, कुठंच पेटत नाही. सासूबाईंनी आज पदर न गुंडाळता झाकण उघडलं.

पण नाना, एक राहिलंय. आज कूलर लावला. पंख्याचं बटन टाकलं, ठीक. पाण्याच्या मोटारीचं बटन टाकलं आणि खट्ट, आरसीसीबी पडला. तीनदा केलं, तीनदा पडला. मोटार तर नवीन आहे, याच महिन्यात बदललेली.

वायरमननाना (बुधवार, रात्री 9:25)

पिन काढा, टाकीतलं पाणी उपसा आणि मोटारीची वायर शेवटपर्यंत हातानं तपासा. त्यानं टेप कुठं मारला होता?

मांजराकाठ (बुधवार, रात्री 10:02)

टाकीच्या आत. नव्या मोटारीची वायर आखूड पडली म्हणून त्यानं तुकडा जोडला होता, तो जोड पाण्याच्या पातळीच्या चार बोटं खाली. टेप सुटून शेवाळ धरलेलं आणि आत तांबं हिरवं पडलेलं.

वायरमननाना (बुधवार, रात्री 10:08)

तो सगळा तुकडा कापा. मोटारीपासून कूलरच्या बाहेरच्या डबीपर्यंत एकसलग वायर टाका, पाण्यात जोड नको, कितीही चांगला टेप असला तरी नको. लांब वायरची मोटार मिळते, तीच आणा. आणि यापुढं टाकीत पाणी भरताना पिन काढूनच भरायचं, आरसीसीबी असला तरी.

मांजराकाठ (गुरुवार, दुपारी 2:30)

लांब वायरची मोटार आणून बसवली. एकदापण पडला नाही. बाहेर 42 आहे, पोरगा कूलरसमोर चटई टाकून झोपलाय. आरसीसीबीचं टेस्टचं बटन किती दिवसांनी दाबून बघायचं नाना?

वायरमननाना (गुरुवार, दुपारी 2:41)

महिन्यातून एकदा. अमावस्येला दाबा म्हणजे लक्षात राहतं.